सागरेश्वरात वेताळ

कॉमिक्समधल्या वेताळाच्या डोळ्यांत बुबुळं नसतात. मुखवट्याला दोन फटी आणि त्यांत नुसता कागदाचा पांढरा. पण वेताळाचं चित्र काढायला बसलेलं पोर हमखास तिथे दोन काळे ठिपके देतं, कारण डोळा म्हटला की बुबुळ, हे हाताला पहिलीपासून पाठ असतं. ठिपके दिले की समोरचा माणूस वेताळ राहत नाही, जत्रेतून मुखवटा घेऊन आलेला कुणीतरी होतो. फॅन आर्ट शिकताना पहिला धडा हाच: हाताला पाठ असलेलं बाजूला ठेवायचं आणि समोरच्या पानावर काय आहे ते बघायचं.

फॅन आर्ट म्हणजे आवडत्या कथेतलं पात्र घेऊन आपण नवं चित्र काढणं. पात्र त्यांचं, प्रसंग आपला, हात आपला. छापलेलं पान खिडकीच्या काचेवर धरून वरून गिरवलं तर हाताला थोडा सराव मिळतो, त्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. उलट पात्राचं फक्त नाव घेतलं आणि बाकी सगळं मनाचं काढलं, तर ते कुणाला ओळखूच येत नाही. या दोहोंच्या मधे चित्र कसं उभं करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणाला वेताळ घेतला आहे आणि जागा पलूस तालुक्याच्या परिसरातली. कॉमिक्स तुमच्या आवडीचं दुसरं कुठलंही चालेल, पायऱ्या याच राहतात.

वेताळच का, तर मराठी घरांत कॉमिक्स म्हणून जे पहिल्यांदा शिरलं त्यात इंद्रजाल कॉमिक्सचा वाटा मोठा होता. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्याच अंकात वेताळ होता. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक निघाले आणि १९९० मध्ये बंद पडले. मूळ पात्र ली फॉक यांचं. १७ फेब्रुवारी १९३६ पासून ते अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज पट्टीपट्टीने येऊ लागलं. चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे चालत आलेला मुखवटा, कवटीच्या आकाराची गुहा, जंगलातल्या लोकांना वाटणारं त्याचं अमरत्व, वाघ आणि हरीण एकत्र नांदतात असं ईडनचं बेट, हे सगळं त्या कथेत आहे. त्या काळच्या मुलांच्या डोक्यात तेव्हा दोन वेताळ सुखाने राहत होते. एक ‘चांदोबा’ मासिकात राजा विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा, शंकर यांच्या कुंचल्यातला. दुसरा हा, घट्ट पोशाखातला, पांढऱ्या घोड्यावरचा. दोघांची गल्लत कुणीच केली नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम बघण्याचं आहे आणि त्याला वेळ द्यायचा.

वेताळ एकाच चित्रकाराने काढलेला नाही, ही आपल्या सोयीची गोष्ट. सुरुवातीचा रे मूर यांचा वेताळ सावल्यांत वावरणारा, गूढ. त्यांच्यानंतर आलेल्या विल्सन मकॉय यांची रेघ साधी, गोलसर, थोडी बाळबोध म्हणावी अशी. १९६१ पासून साय बॅरी यांनी काढलेला वेताळ पीळदार, मोठमोठ्या काळ्या छायांचा. हाती लागतील तेवढे जुने अंक काढा. रद्दीवाल्याकडे, थोरल्या काकांच्या ट्रंकेत, कुठे ना कुठे सापडतात. या तिघांची चित्रं शेजारी ठेवा आणि वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. तिघांतही जे सारखं दिसतं ते एका रकान्यात, बदलतं ते दुसऱ्यात.

पहिल्या रकान्यात साधारण हे येईल. डोकं आणि कान झाकणारं शिरस्त्राण, तेच पुढे अंगभर पोशाख होऊन उतरतं. चेहऱ्याचा खालचा भाग उघडा. डोळ्यांवर काळा मुखवटा आणि आतला पांढरा. कंबरेला पट्टेदार चड्डी. पट्ट्याच्या बकलावर कवटी आणि दोन्ही बाजूंना पिस्तुलांची म्यानं. बूट. अंगावर झूल किंवा कफनी नाही, ही नोंदही करा, कारण अलीकडचे सिनेमे बघून हात नकळत पाठीवर वारा भरलेलं कापड काढायला जातो. आणि दोन अंगठ्या. उजव्या हातात कवटीची, जिचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कायमचा उमटतो. डाव्या हातात तलवारींच्या फुलीसारख्या शुभचिन्हाची, जी मित्राला अभय देते.

या अंगठ्यांपाशी जरा थांबू, कारण चित्र तपासताना जाणकार वाचक सगळ्यात आधी तिथेच बघतो. बहुतेक जण मूठ काढताना आरशासमोर स्वतःचा हात धरतात. ते योग्यच आहे, हातासारखा फुकटचा मॉडेल नाही. पण आरशातला उजवा हात डाव्यासारखा दिसतो. तो तसाच उतरवला आणि कवटी त्यावर बसवली की गुंडाच्या तोंडावर शुभचिन्ह उमटायची वेळ येते. तोच घोटाळा ट्रेसिंग पेपर उलटा झाला की होतो. उपाय सोपा आहे. पेन्सिलीच्या पहिल्याच रेखाटनात वेताळाच्या उजव्या मनगटाशी ‘उ’ लिहून ठेवायचं आणि शाई होईपर्यंत खोडायचं नाही.

दुसऱ्या रकान्यात काय येईल? चेहऱ्याची लांबी, जबडा, स्नायू किती फुगवायचे, सावली किती, झाडं कशी, रेघ जाड की बारीक. म्हणजे या सगळ्यांत तुम्हाला मोकळीक आहे. तुमची शैली इथूनच निघते. पहिला रकाना सांभाळला की दुसऱ्यात हवा तेवढा धिंगाणा घालावा.

मग एक चौकट निवडून ती बघून काढा. एकदाच, नीट, घाई न करता. काढून झाल्यावर अंक मिटून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तीच चौकट आठवून काढा. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. तो अनेकांना नकोसा वाटतो, पण कॉमिक्सचं चित्र शिकायला त्याच्यासारखी युक्ती नाही. पहिलं आणि दुसरं चित्र शेजारी ठेवलं की कळतं, हाताने काय धरलं आणि काय सोडलं. बहुधा पोशाख आठवतो आणि उभं राहण्याची ढब निसटते. तसं झालं तर पुढच्या वेळी बघताना ढबीकडे बघायचं.

आता प्रसंग. वेताळाचं जंगल आफ्रिकेच्या आसपास कुठेतरी, गर्द हिरवं, वेलींचं. मूळ कथेत त्या देशाचं नाव बंगालशी जुळणारं होतं, म्हणून इंद्रजालवाल्यांनी आपल्याकडे ते देंकाली केलं. म्हणजे इथल्या वाचकासाठी बदल करायची मुभा त्यांनी आधीच घेऊन ठेवली आहे. पुढे १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा अस्सल देशी नायक. तेव्हा वेताळाला आपल्या तालुक्यात आणायला कुणाची हरकत असू नये.

पलूसच्या हद्दीला लागूनच सागरेश्वरचं अभयारण्य आहे. पलूस, कडेगाव आणि वाळवा अशा तीन तालुक्यांच्या सांध्यावर, सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचं. मुळात उघडाबोडका डोंगर. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी खपून तिथे झाडं उभी केली, हरणं आणली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी मुद्दाम उभारलेलं जंगल म्हणून त्याची ओळख आहे. सांबर, चितळ, काळवीट तिथे दिसतात. जंगल राखणाऱ्या नायकाला याहून सोयीची जागा कुठली? शिवाय ईडन बेटावरच्या हरणांसाठी लागणारा नमुना तिथे जिवंत चालताबोलता मिळतो.

दुसरेही प्रसंग सुचतील. वेताळ शहरात जाताना पोशाखावर ओव्हरकोट, डोक्यावर हॅट आणि डोळ्यांना काळा चष्मा लावतो. तसाच तो किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरलाय, शेजारी पट्ट्याने बांधलेला त्याचा लांडगा, आणि एप्रिलच्या उन्हात फलाटावरची माणसं त्याच्या कोटाकडे बघताहेत, हे चित्र मला फार आवडेल. पण पहिल्या खेपेला माणसांची गर्दी अंगावर घेऊ नये. तसंच, कवटीच्या गुहेसाठी कुंडलच्या डोंगरातली झरी पार्श्वनाथाची गुहा बघून या. बाहेरचं ऊन आणि आतला ओलसर काळोख कुठे भेटतात, ते अभ्यासायला ती उत्तम आहे. मात्र ते जैन तीर्थ आहे. तिथला प्रकाश वहीत उतरवून आणा, कवटीचं दार तिथे बसवू नका. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागेवर आपली कल्पना चिकटवणं मला तरी रुचत नाही.

तर सागरेश्वर. चित्र असं: डोंगराच्या माथ्यावर खडकावर वेताळ उभा, मागे घोडा, खालच्या उतारावर चितळांचा कळप, आणि पार लांब कृष्णाकाठचे उसाचे फड, कुंडलच्या साखर कारखान्याचं धुराडं. एवढं मनाशी ठरलं तरी लगेच मोठा कागद घ्यायचा नाही. आधी दोन-अडीच इंचाच्या पाचसहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत हीच गोष्ट वेगळ्या मांडणीने टाका. चेहरे नाहीत, बोटं नाहीत, फक्त काळं, करडं, पांढरं. एकात वेताळ अगदी जवळ आणि मोठा, डोंगर मागे. एकात तो बोटभर, डोंगर अवाढव्य. एकात आपण चितळांमधून वर बघतोय. हे काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण पुढे चार तास घालवून जी चूक कळणार ती इथे चार मिनिटांत कळते.

निवडताना डोळे किलकिले करून लांबून बघा. काय आहे ते तरीही समजलं तर मांडणी टिकणार. मी स्वतः खालून वर बघणारी चौकट घेईन. हरणांच्या पाठी आणि शिंगं पुढे आली की वेताळ मोठा न काढताही मोठा वाटतो आणि क्षितिज खाली जाऊन आभाळाला जागा मिळते.

मग देहाचं काम. आधी एकच वाकडी रेघ, डोक्यापासून जमिनीवर टेकलेल्या टाचेपर्यंत. तिला हालचालीची रेघ म्हणू. ती ताठ उभी असेल तर वेताळ शिपायासारखा अटेन्शनमध्ये उभा दिसतो. तिला हलकी कमान द्या, वजन एका पायावर टाका, की तो टेहळणी करतोय असं वाटू लागतं. वजन ज्या पायावर, त्या बाजूचा खुबा वर जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढं सांभाळलं तरी निम्मी लढाई जिंकली. मग डोक्याच्या मापाने उंची मोजा. आपल्यातुपल्यासारखा माणूस सात-साडेसात डोकी भरतो, कॉमिक्सचा नायक आठ. वाढवलेलं अर्धं डोकं पायांत घाला, मानेत घालू नका.

स्नायू कुठून शिकायचे? जिमचे फोटो बघून काढलेला वेताळ फुगवलेला दिसतो, प्रत्येक स्नायू सुटासुटा. जंगलात राहणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या माणसाचं अंग तसं नसतं. आपल्याकडे याला उत्तम पर्याय आहे. तालमीत जा. या पट्ट्यात कुस्ती घरोघरी आहे आणि कुंडलचं मैदान तर लांबलांबचे शौकीन गाठतात. पैलवानाची पाठ, खांद्यातून मानेत चढणारा मांसाचा उतार, आखाड्यात सलामी झडताना वाकलेली कंबर, हे वहीत घ्या. पैलवान तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणून एकेका रेखाटनाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नाही. रेघा चुकतील, एकावर एक चढतील. चढू द्या. अशी पानं भरली की डोक्याने बसवलेला देह आणि डोळ्याने पाहिलेला देह यांतला फरक हाताला कळतो. माती लागलेल्या पाठीवर प्रकाश कसा तुटतो, तेही बघून ठेवा, शाईच्या वेळी उपयोगी पडेल.

घोडा अवघड, हे आधीच मान्य करू. त्याच्याच डोक्याच्या लांबीने त्याला मोजा. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत साधारण अडीच डोकी, आणि जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंतही तेवढीच. म्हणजे मान आणि डोकं सोडून बघितला तर घोडा साधारण चौकोनात बसतो. नमुन्याला धनगरांच्या कळपाबरोबर चालणारी तट्टं बघायला मिळतात, वरातीतले घोडे मिळतात. पण तट्टू बुटकं आणि पोटाला गोल, वेताळाचा घोडा उंच आणि सडपातळ. सांधे तट्टाचे घ्या, प्रमाण मोजून वाढवा. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळलेला वाटतो तो गुडघा नसून टाच आहे, एवढं ध्यानात ठेवलं की मागचे पाय सुधारतात. तरीही जमेना, तर घोडा खडकामागे अर्धा लपवा. यात लाज नाही, व्यावसायिक चित्रकारही हेच करतात.

लांडग्याचं वेगळं. कथेत लोक त्याला सतत कुत्रा म्हणतात आणि वेताळ दर वेळी सांगतो की हा लांडगा आहे. चित्राने वेताळाच्या बाजूने साक्ष दिली पाहिजे. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, डोकं पाठीच्या पातळीत किंवा जरा खाली, शेपूट लोंबती. शेपूट वर वळवली की झाला कुत्रा. आपल्या दख्खनच्या माळावरचा लांडगा थंड मुलखातल्यापेक्षा किरकोळ अंगाचा आणि आखूड केसांचा असतो. सागरेश्वरात आणलेला लांडगा तसाच काढावा. इथल्या उन्हात केसाळ, गुबगुबीत जनावर धापा टाकील.

पेन्सिलीचं काम कडक पेन्सिलीने हलकं करा, एच किंवा एचबी. कार्ट्रिज कागद छापल्या चित्राच्या दीडपट तरी मोठा घ्या. कॉमिक्सचे चित्रकार नेहमी मोठं काढतात आणि छापताना ते लहान होतं, म्हणून त्यांची रेघ इतकी नेटकी दिसते. तुम्हीही काढून झाल्यावर फोटो काढून लहान करून बघा.

आता शाई. कॉमिक्सचं कॉमिक्सपण इथे ठरतं आणि इथे थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचं नाव नांगर आणि पंपांसाठी सर्वांना ठाऊक आहे. पण १९२० पासून तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघू लागलं, त्याचंच नाव नंतर ‘किर्लोस्कर’ झालं, आणि पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले, मासिकातून व्यंगचित्रं काढणारे. ही जमीन तेव्हा औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकार. त्यांचं चित्ररामायण १९१६ मध्ये छापलं गेलं. तेव्हा कथेतला नायक चित्रात उतरवून छापणं ही आपल्या भागात बाहेरून आलेली हौस मुळीच नाही.

त्या काळी मासिकात रेखाचित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. अशा ब्लॉकला दोनच गोष्टी कळतात, शाई आहे किंवा शाई नाही. करडा रंग त्याला माहीतच नाही. करडेपणा हवा असेल तर चित्रकाराने रेघा शेजारीशेजारी मारून तो भास निर्माण करायचा. वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांचंही हेच होतं. स्वस्त कागद शाई पसरवतो, म्हणून बारीक नक्षी बुजते, ठळक काळं आणि मोकळं पांढरं तेवढं टिकतं. साय बॅरींच्या चित्रांतल्या त्या मोठ्या काळ्या छाया निम्म्या सौंदर्यासाठी आणि निम्म्या छापखान्यासाठी आहेत. आज तुम्ही मोबाइलवर चित्र दाखवणार असाल तर ही सक्ती तुमच्यावर नाही. पण वेताळ ज्या दिसण्यामुळे वेताळ वाटतो ते दिसणं या सक्तीतून आलंय, म्हणून ती आपणहून पाळायची.

साहित्य असं: वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, टाक आणि दोन निबा, आणि दोन-तीन नंबरचा गोल ब्रश ज्याचं टोक ओलं केल्यावर सुईसारखं जुळतं. टाकाने चेहरा, बोटं, अंगठ्या, गवत. ब्रशने देहाची बाह्यरेषा आणि काळ्या जागा. टाक खाली ओढताना दाब दिला की रेघ जाड होते, सैल सोडला की बारीक. वर ढकलायचा नाही, निब कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात. कागद फिरवा, हात फिरवू नका.

रेघेचा नियम सोपा. जवळचं जाड, लांबचं बारीक. उजेडाकडचा काठ बारीक, सावलीकडचा जाड. म्हणजे पुढच्या चितळाची शिंगं ब्रशने, वेताळ मधल्या वजनाने, धुराडं टाकाच्या केसाएवढ्या रेघेने. काळ्या जागा आधी पेन्सिलीने ‘फुली’ मारून ठरवा: शिरस्त्राणाच्या कपाळाखालची सावली, काखेखाली, मांडीची आतली बाजू, घोड्याच्या पोटाखाली, खडकाची फट. पांढरा घोडा पांढरा दिसण्यासाठी त्याच्यामागे काळं झाड लागतं, नाहीतर तो कागदात विरघळतो. काळ्यातून पांढऱ्याकडे जाताना ब्रशने सावलीत सुरुवात करून उजेडाकडे झटक्यात उचललेले फटकारे मारतात. सुरुवातीला जाड, टोकाला सुई. हे फटकारे रद्दी कागदावर भरपूर घटवल्याशिवाय चांगल्या कागदावर मारू नका. आणि हो, डोळ्यांच्या फटी. त्या भोवतीचा मुखवटा सगळ्यात शेवटी भरा, श्वास रोखून.

रंगांची गंमत अशी की जांभळा पोशाख निर्मात्याच्या मनातला नव्हताच. ली फॉक यांच्या डोळ्यांसमोर करडा रंग होता. रोजची पट्टी काळीपांढरी असल्याने कुणाला कळलं नाही, आणि १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा पोशाख जांभळा होऊन आला. स्वीडनमध्ये तोच वेताळ निळा आहे, इटलीत लाल. तेव्हा रंग खरं तर दुसऱ्या रकान्यातला. तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांत जांभळा बसलाय, म्हणून मी जांभळाच ठेवीन.

जांभळा घरी करायचा तर अल्ट्रामरीन निळा आणि क्रिमसन घ्या. शेंदरी किंवा भडक तांबडा घेतला तर त्यातला पिवळेपणा जांभळ्याचा विटकरी करून टाकतो. प्रशियन निळा हिरव्याकडे झुकतो, त्यानेही मळकट होतो. रंग सपाट लावा, छटा काढू नका. जुन्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शाया ठिपक्याठिपक्यांनी एकावर एक पडत. उठावाचं सगळं काम काळी रेघ करी, रंग मागे उभा असे.

आणि इथे सागरेश्वर आपली अडचण करतं. देंकालीच्या हिरव्याकाळ्या जंगलात जांभळा माणूस बेमालूम लपतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत वाळून पिवळंधमक होतं, आणि रंगचक्रात पिवळा हा जांभळ्याच्या बरोब्बर समोरचा. दोघे शेजारी आले की एकमेकांना पेटवतात. चित्र म्हणून ते देखणं होईल, पण दडून नजर ठेवणारा वेताळ मैलभरावरून दिसेल. तुमचा प्रसंग काय आहे त्यावर ठरवा. त्याला मिरवायचं असेल तर उन्हाळा घ्या. लपवायचं असेल तर श्रावणातला हिरवा डोंगर घ्या, किंवा चांदण्यात सगळं निळसर करून टाका, की पोशाख अंधारात मिसळतो आणि डोळ्यांचा पांढरा तेवढा उरतो. मी हेच करीन. लांबच्या फडांवर फक्त एक फिकट हात, आणि धुराड्याच्या टोकाला पिवळा ठिपका.

क्रम मात्र चुकवू नका. जलरंग वापरणार असाल तर आधी वॉटरप्रूफ शाई, ती पुरती वाळल्यावर खोडरबर, मग रंग. पोस्टर कलर वापरणार असाल तर तो रेघांना झाकतो, म्हणून आधी रंग आणि शेवटी शाई.

संवादाचा फुगा ठेवायचा असेल तर अक्षरं आधी, फुगा नंतर. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द हमखास कोंबावा लागतो. पेन्सिलीने शिरोरेषांच्या ओळी आखा, अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती सैलसर फुगा फिरवा आणि त्याचं शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न्या. वाक्य थोडकं ठेवा. वेताळ फार बोलत नाही.

कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि साल घाला, आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘ली फॉक यांच्या वेताळावरून’. ही रीत आहे, पण बचाव नव्हे. पात्राचे हक्क आजही शाबूत आहेत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम खासगी, वैयक्तिक वापरासाठी आणि अभ्यासासाठी मोकळीक देतं. आपल्या वहीत, घरच्या भिंतीवर वेताळ खुशाल काढा. टी-शर्टवर छापून विकायला काढायचा असेल तर हक्कदाराची परवानगी लागते.

चित्र ठेवायचं कसं, तेही सांगतो, कारण कृष्णाकाठच्या दमट पावसाळ्यात कागद लवकर खराब होतो. पोस्टर कलरचं चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरून रंग प्लास्टिकला चिकटतो आणि वर बुरशी चढते. दोन साध्या कोऱ्या कागदांमध्ये ठेवून पुठ्ठ्याच्या फाइलीत आडवं ठेवा, फाइल बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि उघडीप मिळाली की तासभर पंख्याखाली मोकळं करा. उन्हात घालू नका. क्रिमसन उन्हाने उडतो आणि जांभळा वेताळ निळा होत जातो. मग तो स्वीडनचा म्हणून खपवावा लागेल.